शेवटच्या पेपरपासून पहिल्या घंटेपर्यंत: कोल्हापूरच्या पालकांसाठी वर्षअखेरची तयारी

वर्षभर मूल सकाळी कुठे आहे, दुपारी कुठे आहे, हे शाळेच्या हजेरीपटावर लिहिलेले असते. एप्रिलच्या शेवटी वार्षिक परीक्षा संपते आणि जूनच्या मध्याला शाळा पुन्हा भरते. मधल्या सहा-सात आठवड्यांत तो हजेरीपट बंद असतो. आई-बाप कामावर, आजी-आजोबा दुपारी जरा आडवे झालेले आणि पोरं विहिरीवर, रस्त्यावर किंवा मोबाईलमध्ये. कोल्हापुरात तर सुट्टी संपते न संपते तोच पाऊस लागतो आणि पंचगंगेकडे डोळे लागतात. म्हणून हा काळ शाळेने पालकांच्या हाती मूल सोपवण्याचा काळ आहे असे मी मानतो. ते नीट सोपवून घ्यायचे तर काही कामे शाळेला कुलूप लागण्याआधी, काही सुट्टीत आणि काही पहिला मोठा पाऊस येण्याआधी उरकावी लागतात. त्याच क्रमाने सांगतो.

निकालाच्या दिवशी नुसते प्रगतिपुस्तक घेऊन परतू नका

आपल्याकडे बहुतेक शाळांत १ मे रोजी झेंडावंदन झाले की निकाल हातात देतात. त्या दिवशी वर्गशिक्षक भेटतात, मुख्याध्यापक असतात, कार्यालय उघडे असते. पुढे दीड महिना ही तिन्ही माणसे एकत्र सापडणे अवघड. तेव्हा त्या दिवशी अर्धा दिवस मोकळा ठेवा.

पहिले काम, निकालाचा अर्थ समजून घेणे. पाचवी आणि आठवीचे पालक यात विशेष लक्ष घाला. पूर्वी आठवीपर्यंत सगळे आपोआप पुढच्या वर्गात जायचे, आता तसे राहिलेले नाही. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते. एखाद्या विषयात मूल मागे राहिले तर पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि तिथेही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे लक्षात ठेवा. मुलाचा विषय राहिला असेल तर तीन गोष्टी लिहूनच घ्या: कोणता विषय, पुनर्परीक्षेची तारीख आणि सुट्टीत शाळा जादा मार्गदर्शन कोणत्या दिवशी देणार. हे न विचारता पोराला दोन महिने मामाच्या गावाला पाठवले, तर शाळा भरायच्या तोंडावर धावपळ होते आणि त्याचा भार मुलाच्या मनावर पडतो.

ज्यांचे सगळे ठीक आहे त्यांनीही वर्गशिक्षकांना एक प्रश्न जरूर विचारावा: "याला अजून नेमके काय येत नाही?" टक्के आणि श्रेणी यांतून ते कळत नाही. चौथीतले मूल हातच्याची वजाबाकी चुकते की जोडाक्षरे अडखळत वाचते, हे बाईंना तोंडपाठ असते. विचारले तर त्या मनापासून सांगतात. एवढे कळले की सुट्टीत रोज वीस मिनिटे पुरतात, महागडा क्लास लागत नाही.

दुसरे काम आधारचे. शाळेच्या रजिस्टरमधले नाव आणि आधारवरचे नाव अक्षर-अक्षर जुळते का, ते पाहा. शिष्यवृत्ती अडकते, अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) अडकतो, पुढे दहावीच्या अर्जात घोळ होतो, आणि बहुतेक वेळा मूळ कारण एखादी वेलांटी किंवा वडिलांच्या नावातला 'राव' असतो. मुलाचे बायोमेट्रिक ५ आणि १५ वर्षांच्या टप्प्यावर नव्याने द्यावे लागते. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ते विनामूल्य होते. मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्रावर गर्दी कमी असते, तेव्हाच उरकून टाका.

पुस्तकांचेही इथेच विचारून घ्या. थोरल्याची पुस्तके धाकट्याला, शेजारच्या पोरीची आपल्या पोरीला, ही आपल्याकडची चांगली चाल आहे. पण २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आणि पुढच्या इयत्तांना तो टप्प्याटप्प्याने येतो आहे. येत्या वर्षी आपल्या इयत्तेचे पुस्तक बदलणार का, हे शिक्षकांकडून कळल्याशिवाय जुनी पुस्तके गोळा करू नका.

शाळा बदलणार असाल तर दाखला ओळ-न्-ओळ वाचा

चौथी किंवा सातवीनंतर शाळा बदलणारी मुले आपल्या जिल्ह्यात पुष्कळ. शाळा सोडल्याचा दाखला घेताना लोक घाईत सही करतात आणि कागद पिशवीत टाकतात. तसे करू नका. कार्यालयाच्या खिडकीपाशीच उभे राहून हे वाचा: मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मगाव तालुका-जिल्ह्यासह, जात व पोटजात, जनरल रजिस्टरचा क्रमांक, विद्यार्थ्याचा आयडी, शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), शेवटी मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. अंकातली तारीख आणि अक्षरातली तारीख वेगळी असे दाखले मी पाहिले आहेत. जातीचा दाखला काढताना किंवा पडताळणीला हाच कागद पुरावा म्हणून लागतो. मूल पटावर असताना दुरुस्ती होऊ शकते, त्यासाठी जन्मदाखल्यासह मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. एकदा शाळा सोडली की तीच दुरुस्ती फार जड जाते.

दाखला द्यायला टाळाटाळ झाली तर शांतपणे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाने दुसऱ्या शाळेत जायचे ठरवले तर दाखला लगेच द्यावा लागतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तरीही अडले तर शहरातल्या महापालिका शाळांसाठी प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी आणि बाकी जिल्ह्यासाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आहेत. त्यांच्याकडे जाण्यात भांडण काही नाही.

ऊसतोडणीला आणि वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुलेही आपल्याच शाळांत बसतात. साखर कारखान्यांचा हंगाम आटोपला की ही मुले एका रात्रीत निघून जातात. तुमच्या ओळखीचे असे कुटुंब असेल तर जाण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यायला त्यांना सांगा. ते पत्रक दाखवले की मूळ गावच्या शाळेत मुलाला त्याच्या वर्गात बसवून घेतात. शाहू महाराजांनी १९१७ साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तिथून एकही मूल कागदावाचून शाळेबाहेर पडू नये, असे मला मनापासून वाटते.

दहावीच्या घरांसाठी थोडक्यात

दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो. कोल्हापूर विभागीय मंडळात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे नुसते कॉलेजच्या दारात जाऊन प्रवेश होत नाही. अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो. तो स्वतः भरा किंवा कॅफेत शेजारी बसून भरून घ्या, आणि मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला तर पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात. पसंतीक्रम भरताना पहिले कॉलेज विचार करून लिहा, कारण पहिल्या पसंतीचे मिळाले की ते घ्यावेच लागते.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, रहिवासी दाखला, हे सगळे आपले सरकार सेवा केंद्रातून तहसीलकडे जाते. निकालानंतर तिथे रांग लागते. मेच्या पहिल्या पंधरवड्यातच अर्ज टाका.

गुण कमी आले तर त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका. पुरवणी परीक्षा थोड्याच आठवड्यांत असते, वर्ष वाया जातेच असे नाही, हे निकालाच्या आधीच त्याला सांगून ठेवा. मूल गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

पाणी: सुट्टीतला सगळ्यात मोठा धोका

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात पाणी दाराशी आहे. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, वेदगंगा, शिरोळला कृष्णा. त्यात गावोगावच्या विहिरी, शेततळी, पाणी साठलेल्या खणी (दगड-माती काढून झालेले खोल खड्डे), बंधारे. कोल्हापूरचे पोर पोहायला शिकणारच, आणि शिकलेच पाहिजे. प्रश्न फक्त कुठे, कुणाबरोबर आणि कसे, एवढाच आहे.

शिकवण्यापासून सुरुवात करा. शहरात असाल तर जीवरक्षक असलेल्या जलतरण तलावावर बॅच लावा. गावात असाल तर शिकवणारा माणूस एक ठरवा, जो स्वतः पट्टीचा पोहणारा आहे आणि शुद्धीत आहे. वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा पाठीला बांधून आपले आजे शिकले. तो बांधायचा तर दोर रोज तपासा आणि डबा गळत नाही ना ते पाहा. हवा भरलेली ट्यूब मात्र नवशिक्याला देऊ नका. हातातून निसटली की मूल खोल पाण्यात एकटे उरते. आणि एक मोठा माणूस काठावर कोरडा राहिला पाहिजे. त्याने मोबाईल बघायचा नाही, फक्त डोकी मोजायची.

आता जागेजागेचा धोका वेगळा असतो, तो मुलांना समजावून सांगा.

विहीर: पायऱ्यांवर शेवाळ असते, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेल्याने उडीची उंची वाढलेली असते. गेल्या वर्षी जिथे मुटका मारला तिथे यंदा खडक वर आलेला असू शकतो. मोटारीची केबल पाण्यात असेल तर मोटार बंद करून, फ्यूज काढूनच पाण्यात उतरायचे.

शेततळे: हे मला सर्वांत भयंकर वाटते. आत गुळगुळीत प्लास्टिक असते, काठ उतरता असतो. चांगला पोहणारासुद्धा त्यावरून वर चढू शकत नाही. शेततळ्यात पोहायचे नाही, हा नियम बिनशर्त ठेवा. ज्यांच्या शेतात तळे आहे त्यांनी भोवती कुंपण करावे आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवावेत.

बंधारा: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर आपल्या गावाच्या नावाने ओळखला जातो. बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात तेव्हा वरच्या अंगाला खोल पाणी साठते आणि फटींतून ते जोराने ओढले जाते. पाय त्या ओढीत सापडला की सुटत नाही. खालच्या अंगाला पाणी घुसळत असते आणि तिथे माणूस गरगरत खालीच राहतो. पावसाआधी बरगे काढतात तेव्हा प्रवाह अचानक वाढतो. उन्हाळ्यात राधानगरी किंवा काळम्मावाडी धरणातून पाणी सोडले की नदीची पातळी ऊन असतानाच चढते. बंधाऱ्यावरून उड्या मारणे बंद म्हणजे बंद.

खण: वरून शांत दिसते, पण काठापासून दोन पावलांवर तळ सुटलेला असतो. उतार नसतोच.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होते, हात पाण्याखाली दाबले जातात आणि मिनिटभरात तो दिसेनासा होतो. म्हणून "आवाज आला असता तर गेलो असतो" याला अर्थ नाही. सतत पाहावेच लागते.

कोणी बुडत असेल तर मुलांनी पाण्यात उडी घ्यायची नाही. एकाला वाचवायला दुसरा आणि त्याला वाचवायला तिसरा जातो, सख्खी भावंडे अशीच गेली आहेत. हे घरात बोलून दाखवा आणि मुलांकडून म्हणवून घ्या: आरडाओरडा कर, दोर फेक, ओढणी फेक, बांबू दे, रिकामा कॅन फेक, पण उतरू नको. बाहेर काढल्यावर मूल श्वास घेत नसेल तर उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे, यातले काहीही करू नका. सपाट जमिनीवर उताणे झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोराने व भराभर ३० दाब आणि २ श्वास, हे न थांबता करत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

गाडीची किल्ली

सुट्टीत नववी-दहावीची पोरं मोपेड घेऊन रंकाळ्यावर, पन्हाळ्याच्या रस्त्याला निघतात. "दूध आणायला म्हणून दिली होती" हे वाक्य अपघातानंतर ऐकायला मिळते. कायदा काय म्हणतो ते स्पष्ट सांगतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. १६ व्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी आहे, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोपेड त्यात बसत नाहीत.

तेव्हा किल्ली खिळ्याला टांगू नका. चार वर्षांवरच्या मुलालाही मागे बसताना हेल्मेट लागते, आणि ते त्याच्या मापाचे हवे. वडिलांचे ढिले हेल्मेट पडताना आधीच उडते.

ऊन, वळीव, साप, कुत्रा

दुपारी बारा ते चार मैदान बंद. खेळायचे तर सकाळी आणि संध्याकाळी. मूल खेळताना गरगरले, अंग तापले पण घाम थांबला, बडबडू लागले, तर सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

वळवाचा पाऊस आपल्याकडे वीज घेऊन येतो. आंबे पडतील म्हणून मुले नेमकी झाडाखाली पळतात. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात यायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. फोनमध्ये दामिनी ॲप ठेवले तर वीज जवळ आल्याची सूचना मिळते. होर्डिंग आणि पत्र्याच्या शेडपासूनही लांब.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार विषारी साप मुलांना चित्रातून दाखवून ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि ते अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. म्हणून गावाला गेल्यावर मुलांना जमिनीवर उघडे झोपवू नका, खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. कडे-अंगठी काढा, हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, मुलाला चालवू नका आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. शहराजवळ असाल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. वाटेत मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही.

कुत्रे चावले किंवा नुसते ओरखडले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. लस त्याच दिवशी सुरू करा आणि पुढच्या सगळ्या तारखा पाळा. मुलांना सांगा की कुत्रे चावले हे सांगितले तर मार बसणार नाही, पण लपवायचे नाही. भीतीपोटी गप्प बसलेली मुले उशिरा दवाखान्यात पोचतात, आणि रेबीज एकदा उमटला की त्यावर इलाज नाही.

घरी एकटे मूल, आणि बोलायला अवघड वाटणारी गोष्ट

आई-वडील दोघे कामावर असतील तर मूल कुणाच्या नजरेखाली आहे, हे रोज ठरलेले असू द्या. शेजारच्या काकू, चुलती, आजी, जे कोणी असेल त्यांना स्पष्ट विचारून. "लक्ष असू द्या हं" एवढ्यावर सोडू नका, वेळ ठरवा. दारामागे मोठ्या अक्षरांत नंबर लिहा: आईचा, बाबांचा, शेजाऱ्यांचा, ११२ पोलीस व आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १०९८ मुलांसाठी मदत. मूल वाचू शकत असेल तर एकदा त्याच्याकडून वाचून घ्या.

दुसरी गोष्ट शरीराची. वाईट वागणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, सुट्टीत पाहुण्यांची ये-जा वाढते आणि मुले कुणाच्याही घरी झोपतात. मुलाला भीती न घालता सांगा: पोहायच्या कपड्यांखाली झाकलेल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, कोणी "हे आईला सांगू नको" म्हटले तर आईला पहिल्यांदा तेच सांगायचे, आणि नको वाटले तर मामालाही मिठी मारायची सक्ती नाही. मुलाने काही सांगितले तर "तू चुकीचे ऐकलेस" म्हणू नका. त्याच्यावर विश्वास ठेवा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि १०९८ किंवा पोलिसांकडे जा. पोक्सो या मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार नोंदवताना मुलाची ओळख गुप्त ठेवली जाते.

मोबाईलबद्दल एवढेच: फोन दिवाणखान्यात वापरायचा, रात्री आई-बाबांच्या खोलीत चार्जिंगला, आणि गेममध्ये पैसे भरण्यासाठी ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर १९३० ला तात्काळ फोन करा, पहिल्या काही तासांत ते अडवता येतात.

शाळा भरण्याआधीचे दोन आठवडे

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीने शाळेची फेरी मारलीच पाहिजे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे हे काम कुणी दुसऱ्याचे नाही. बघायचे काय? फुटकी कौले आणि गळणारा स्लॅब, ओल आलेल्या भिंतीवरचे विजेचे बोर्ड, पाण्याची टाकी धुतली का, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, आवारातली विहीर किंवा आड झाकलेला आहे का, वाळलेली फांदी वर्गावर लोंबते का, सीसीटीव्ही चालू आहे का, तक्रारपेटी कुणासमोर आणि कधी उघडतात, मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीत कोण आहे. सापडलेल्या त्रुटी मुख्याध्यापकांना लेखी द्या. तोंडी सांगितलेले पावसाबरोबर वाहून जाते.

वाहनाचेही आत्ताच ठरवा. स्कूल बससाठी राज्याचे नियम २०११ पासून आहेत: मदतनीस हवा, मुली असतील तर महिला मदतनीस हवी, प्रथमोपचार पेटी आणि आग विझवण्याचे नळकांडे हवे. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, तिच्याकडे चालकाचा परवाना, गाडीचे फिटनेस आणि विमा यांच्या प्रती असल्या पाहिजेत. रिक्षामामा वर्षानुवर्षे ओळखीचे असतात, घरच्यासारखे असतात, तरी कागद मागायला संकोच करू नका. चांगला मामा स्वतःहून दाखवतो. चालकाशेजारी बसलेले मूल आणि बाहेर लटकणारी दप्तरे दिसली की समजा, गाडीत जास्त मुले कोंबली आहेत. थोडे पैसे वाढवून द्यावे लागले तरी मुले कमी करायला सांगा. खेड्यातून वडापने (खासगी प्रवासी जीपने) येणाऱ्या मुलांनी टपावर किंवा मागच्या पायरीवर उभे राहायचे नाही. एसटीने येणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना ग्रामीण भागात मोफत पास मिळतो, त्याचा अर्ज शाळा भरताच द्या.

पुराची योजना जूनमध्येच करा

२०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यापाशी पातळी ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. हे दोन्ही आकडे घरातल्या पाचवीच्या पोरालाही माहीत हवेत. पाऊस शहरात पडला नाही तरी पंचगंगा चढते, कारण पाणी राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून येते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की काही तासांत पाणी इथे जाणवते. म्हणून आकाश बघून नव्हे, पातळी बघून निर्णय घ्या.

पहिली गोष्ट, रस्ता. मुलाची शाळा आणि घर यांच्यामध्ये नदी किंवा ओढा आहे का? कसबा बावडा–शिये रस्ता, केर्लीपाशी रत्नागिरी रस्ता, गगनबावडा मार्गावर मांडुकलीजवळचा भाग, हे लवकर पाण्याखाली जातात. मोठ्या पुरात शिरोलीपाशी महामार्गही बंद पडला आहे. तुमचे मूल अशा रस्त्याच्या पलीकडे शिकत असेल तर शाळेच्या बाजूला राहणारे एक घर ठरवून ठेवा, नातेवाईक किंवा मुलाच्या मित्राचे. त्या घरात मुलाचा एक कपड्यांचा जोड ठेवा. वर्गशिक्षकांकडे लेखी द्या: मी पोचू शकलो नाही तर मुलाला अमुक यांच्याकडे सोपवावे. नाव, नाते, मोबाईल आणि सही. मुलालाही सांगा की या यादीबाहेरच्या माणसाबरोबर, कितीही ओळखीचा असला तरी, जायचे नाही.

दुसरी, कागद. दाखला, जन्मदाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक हे एका जाड प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत घाला आणि ती माळ्यावर नाही, दाराजवळ हाताशी ठेवा. मूळ कागदांचे स्पष्ट फोटो दोन फोनमध्ये ठेवा. दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घेता येते, ती आजच घ्या. आंबेवाडी, चिखली, सुतारवाडा, शिरोळकडची नदीकाठची गावे, इथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. पण २०१९ ला ज्यांच्या घरात कधीच पाणी येत नव्हते त्यांच्याही घरात आले.

तिसरी, सुट्टीची खातरी. पुरात शाळांना सुट्टी जिल्हाधिकारी किंवा प्रशासन जाहीर करते. व्हॉट्सॲपवर फिरणारे जुने पत्र दरवर्षी पुन्हा उगवते. पत्रावरची तारीख आणि वर्ष बघा, शाळेच्या अधिकृत ग्रुपवर आले का ते बघा. सुट्टी जाहीर नसली, पण रस्त्यावर पाणी असले, तर मुलाला पाठवू नका. एक दिवसाची गैरहजेरी भरून निघते. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, विजेची तार तुटली किंवा खांबात करंट उतरला तर १९१२.

चौथी, बघे. मच्छिंद्री झाली, म्हणजे पुराचे पाणी शिवाजी पुलावरच्या खुणेपर्यंत चढले, की सगळे शहर पुलाकडे लोटते आणि पोरंही सायकल घेऊन निघतात. पाणी बघायचेच असेल तर मोठ्यांबरोबर, लांबून. पुराच्या पाण्यात उड्या मारणाऱ्या टोळक्यात आपले पोर दिसता कामा नये. साचलेल्या पाण्यातून चालायची वेळ आली तर काठीने चाचपत, गटाराच्या झाकणांपासून आणि विजेच्या खांबांपासून लांब, आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवायचे. जखम असेल तर त्या पाण्यात पाय घालायचाच नाही, लेप्टोची (उंदीर वगैरे प्राण्यांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) लागण अशीच होते. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यातून चाललो होतो, हे आवर्जून सांगा.

शाळा भरल्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा मुलाबरोबर शाळेच्या वाटेवर चाला. उघडे गटार, उखडलेला रस्ता, लोंबणारी तार जिथे दिसेल तिथे थांबून दाखवा आणि फोटो काढून महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे त्याच दिवशी तक्रार द्या. वर्गशिक्षकांना दिलेला न्यायला येणाऱ्यांचा कागद त्यांनी फाईलला लावला का, हेही त्याच आठवड्यात विचारून घ्या.